वेब्रिजचे ब्रूकलँड्स संग्रहालय: नेस सरोवरातून वर आलेल्या वेलिंग्टनसाठी

लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यात वेब्रिज नावाचे गाव आहे आणि त्या गावाच्या कडेला ब्रूकलँड्स संग्रहालय आहे. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की इंग्लंडमधील मराठी कुटुंबे त्यांना ज्या ठरलेल्या जागी नेतात, त्यांत या संग्रहालयाचे नाव सहसा नसते. असलेच तर ते तेथील कॉंकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानामुळे असते. प्रस्तुत परीक्षण कॉंकॉर्डविषयी नाही. ते तेथील एका हँगरमध्ये ठेवलेल्या एन 2980 या क्रमांकाच्या विकर्स वेलिंग्टन बाँबफेकी विमानाविषयी आहे. मत आधीच सांगून टाकते: केवळ या एका विमानासाठी तिकीट काढावे इतके ते मोलाचे आहे. त्याने लढाईत भाग घेतला होता हे खरे, पण माझ्या लेखी त्याचे मोल ते ज्या प्रकारे बुडाले त्यात आहे. ते शत्रूच्या गोळ्यांनी पडले नाही. सरावाच्या उड्डाणात इंजिन बंद पडल्यामुळे ते पाण्यावर उतरवावे लागले.

घटना 31 डिसेंबर 1940 ची आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लॉसीमथ येथे ब्रिटिश हवाई दलाचे 20 क्रमांकाचे ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट होते. उड्डाण शिकून झालेल्या, परंतु अद्याप मोहिमेवर न गेलेल्या तरुणांना एकत्र आणून त्यांची तुकडी बांधायची आणि त्यांना प्रत्यक्ष बाँबफेकी विमानावर तयार करायचे, हे अशा युनिटचे काम. वर्षाच्या त्या शेवटच्या दिवशी स्क्वाड्रन लीडर मार्वुड-एल्टन यांच्या हाताखाली एकूण आठ जण दिशादर्शनाच्या सरावासाठी निघाले. मोनालिया डोंगररांगेवर सुमारे 8,000 फुटांवर असताना विमान हिमवर्षावात सापडले आणि उजव्या बाजूचे इंजिन बंद पडले. वेलिंग्टनला इंजिने दोनच. खाली डोंगर, भोवती ढग आणि बर्फ, आणि हाताशी उरलेले एकच इंजिन, अशा स्थितीत विमानप्रमुखाने तुकडीला उडी मारण्याचा हुकूम दिला. सहा जणांनी उड्या टाकल्या. त्यांपैकी मागच्या बुरुजावरील, म्हणजे शेपटीतल्या बंदुकांच्या कक्षातील, गनर सार्जंट फेन्सम यांना हवाईछत्री वाचवू शकली नाही. त्या दिवशी गेलेला जीव तो एकच. विमानात राहिलेल्या दोघा वैमानिकांना ढगांच्या फटीतून खाली पाण्याचा लांबलचक पट्टा दिसला. ते नेस सरोवर होते. अर्कर्ट किल्ल्याजवळ त्यांनी विमान पाण्यावर उतरवले, रबरी होडी फुगवून ते किनारा गाठते झाले आणि थोड्याच वेळात विमान तळाला गेले.

या हकिकतीत नवल वाटावे असे फारसे काही नाही, आणि नेमके म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकी विभागाचे, 55,573 हवाई सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांतील आठ हजारांहून अधिक जण सरावात आणि इतर बिगर-लढाऊ उड्डाणांत गेले. सराव युनिटांना नवी विमाने मिळत नसत. पहिल्या फळीत वापरून झालेली, थकलेली विमाने तेथे पाठवली जात आणि त्यांच्यावर शिकाऊ हात बसत. त्यात स्कॉटलंडचा हिवाळा. इंजिनाने दगा दिला तर अनुभवी वैमानिकालाही निवड करायला फारसा वाव उरत नसे. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याच्या रेट्याने फिरत राहिला तर तो विमानाला मागे खेचतो. पंख्याची पाती वाऱ्याला कड दाखवतील अशी वळवून तो स्थिर करण्याची सोय पुढे सर्रास आली, परंतु वेलिंग्टनच्या सुरुवातीच्या नमुन्यांत ती नव्हती. त्यामुळे एका इंजिनावर उंची राखणे त्यांना अवघड जाई. डोंगरावर असताना उंची राखता न येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बिघाड एका यंत्राचा असतो, पण त्याची किंमत किती मोजावी लागेल हे विमानाची रचना, त्याचे वय, हवामान आणि ठिकाण मिळून ठरवतात. त्या दिवशी जे सात जण वाचले ते थोडे कौशल्याने आणि थोडे त्या ढगांच्या फटीने.

मात्र हेच विमान सरावासाठी पाठवले जाण्यापूर्वी कुठे होते हे कळले की हँगरमधील त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. एन 2980 ची बांधणी 1939 साली याच ब्रूकलँड्सच्या कारखान्यात झाली. मिल्डनहॉल येथील 149 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये असताना, 18 डिसेंबर 1939 रोजी, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या हेलिगोलँडच्या उपसागरावरील दिवसाढवळ्या केलेल्या हल्ल्यात ते स्क्वाड्रन लीडर पॉल हॅरिस यांच्या हाती होते. जर्मन युद्धनौकांचा शोध घेण्यासाठी निघालेल्या 24 वेलिंग्टनांपैकी दोन परत फिरली, 22 पुढे गेली आणि त्यांतील 12 गमावली गेली. एकमेकांना धरून उडणारी बाँबफेकी विमाने स्वतःच्या बंदुकांवर स्वतःचे रक्षण करू शकतील, हा समज त्या एका दुपारी मोडून पडला आणि बॉम्बर कमांड हळूहळू रात्रीच्या हल्ल्यांकडे वळली. त्या दुपारी जे विमान परत आले, ते वर्षभराने शिकाऊ तुकडीला घेऊन जाताना इंजिनाच्या बिघाडाने बुडाले. लढाईतून वाचलेल्या विमानाला रोजच्या सरावात हा शेवट यावा, याला विरोधाभास म्हणण्याचा मोह होतो. पण ज्यांनी यंत्रांबरोबर आयुष्य काढले आहे त्यांना त्यात विरोधाभास दिसणार नाही. यंत्र झिजते ते तासांच्या हिशेबाने, आणि तो तास लढाईचा की शिकवणीचा हे त्याला ठाऊक नसते.

मी हे विमान पाहायला सासऱ्यांना घेऊन गेले होते. ते नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि मिग विमानांच्या सांगाड्यावर त्यांचा हात फिरलेला आहे. कॉंकॉर्ड पाहून ते प्रसन्न झाले, परंतु थांबले नाहीत. वेलिंग्टनपाशी मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि कठड्याशी उभे राहिले. बराच वेळ गेल्यावर मी विचारले, "बाबा, थकला असाल तर जरा बसू या का?" त्यावर ते म्हणाले, "अगं थांब, हे सांधे तरी नीट बघू दे."

सांधे बघण्यासारखेच आहेत. या विमानाची रचना बार्न्स वॉलिस यांची. पुढे धरणे फोडण्यासाठी पाण्यावर उड्या मारत जाणारा बाँब ज्यांनी तयार केला तेच हे वॉलिस. त्याआधी त्यांनी आर 100 या वायू भरून तरंगणाऱ्या हवाई जहाजाचा आराखडा केला होता आणि तेथूनच त्यांना जिओडेटिक बांधणीची दिशा सापडली. ड्युराल्युमिन या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या अरुंद, खाचदार पट्ट्या विमानाच्या धडाभोवती दोन विरुद्ध दिशांनी तिरप्या वळत जातात आणि जिथे एकमेकींना छेदतात तिथे रिव्हेट मारून जोडलेल्या असतात. संपूर्ण धड म्हणजे जणू धातूची विणलेली कणगीच. एका दिशेची पट्टी ताणली जाते तेव्हा तिला छेदणारी पट्टी दाबली जाते, आणि दोघी मिळून भार पेलतात. त्यामुळे तोफेच्या गोळ्याने जाळीचा एक तुकडा उडाला तरी भार आजूबाजूच्या वाटांनी निघून जाई, आणि ज्यांच्या धडाला मोठमोठी भगदाडे पडली आहेत अशी वेलिंग्टने तळावर परत येत. या जाळीवर लिनन कापड ताणून शिवत आणि त्यावर डोप नावाचे द्रावण चढवून ते घट्ट करत. म्हणजे हे अवाढव्य बाँबफेकी विमान बाहेरून कापडाचे होते, हे आजच्या प्रवाशाला सांगितले तर पटत नाही.

एन 2980 चे वैशिष्ट्य हे की त्याच्या धडावर कापड पुन्हा पूर्ण चढवलेले नाही. जाळी उघडी ठेवली आहे. संग्रहालये सहसा जुनी वस्तू रंगवून चकचकीत करतात आणि तिचे वय पुसून टाकतात. येथे तसे करायचे ठरवले असते, तर समोर एक काळपट हिरवे, कापडाने मढवलेले, चित्रातल्यासारखे विमान उभे राहिले असते आणि ते पाहून लोक पाच मिनिटांत पुढे गेले असते. उघड्या जाळीतून विमानाच्या आतली मांडणी आणि पलीकडची भिंत दोन्ही एकाच वेळी दिसतात. वैमानिकाच्या आसनापासून मागच्या बुरुजापर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजता येते. ते मोजले की कळते, उडी मारण्याचा हुकूम आल्यावर मागच्या टोकाला एकटा बसलेला गनर बाकीच्या तुकडीपासून किती लांब होता. कुठल्याही फलकावर लिहून सांगता आली नसती अशी ही गोष्ट आहे.

बाबांचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. जाळीतल्या पट्ट्यांची वक्रता जागोजागी बदलते, कारण धड नाकाकडे आणि शेपटीकडे निमुळते होत जाते. म्हणजे एकासारखी दुसरी पट्टी क्वचितच, आणि म्हणून त्या वाकवण्यासाठी साधी यंत्रे पुरत नाहीत. "हे जिगवर बसवायला मुलं शिकायची तरी कधी?" असे त्यांनी स्वतःशीच म्हटले. जिग म्हणजे जोडणी करताना भाग जागेवर धरून ठेवणारा साचा. त्यांची शंका रास्त होती. विकर्स कंपनीला या पट्ट्यांसाठी खास यंत्रे तयार करावी लागली होती आणि ही पद्धत इतर विमान कारखान्यांनी उचलली नाही, कारण तेथली सगळी सामग्री पत्र्याच्या बांधणीसाठी उभी होती. तरीही वेलिंग्टनची एकूण 11,461 विमाने बनली, त्यांतील 2,515 वेब्रिजला. वेल्समधील ब्रॉटन येथील कारखान्याने तर 1943 साली प्रचारपटासाठी एक अख्खे वेलिंग्टन 24 तासांच्या आत जोडून दाखवले आणि त्यानंतर लगेच उडवलेही. युद्धकाळात या कामावर शिकलेले कारागीर थोडे आणि नव्याने भरती झालेले, विशेषतः स्त्रिया, पुष्कळ होत्या. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले की तपासणीला माणसे किती होती. मला उत्तर देता आले नाही.

हँगरविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्या इमारतीत विमान आहे ती युद्धकाळातील बेलमन प्रकारची हँगर असून 2017 साली तिला ब्रूकलँड्स एअरक्राफ्ट फॅक्टरी असे नाव देऊन नव्याने उघडण्यात आले. दालनाची कल्पना अशी की पाहुण्याने कारखान्यातील कामगाराच्या वाटेने जावे: आराखडा, धातूकाम, कापडकाम, जोडणी. मुलांना हाताळता येतील अशा गोष्टी येथे आहेत आणि शाळकरी मुले त्यांत चांगली रमतात. कल्पना उत्तम आहे आणि जागेशी प्रामाणिकही आहे, कारण ही फक्त विमाने ठेवण्याची जागा नाही, विमाने बनली ती जागा आहे. 4 सप्टेंबर 1940 रोजी जर्मन विमानांनी दुपारच्या वेळी याच ठिकाणच्या विकर्स कारखान्यावर बाँब टाकले. 83 जण ठार झाले आणि चारशेहून अधिक जखमी झाले. हे लक्षात ठेवून दालनात फिरले म्हणजे जोडणीच्या टेबलांकडेही वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

परंतु या मांडणीचा एक परिणाम असा होतो की वेलिंग्टन येथे मुख्यतः उत्पादनाच्या कथेतील पात्र म्हणून उभे राहते. ते कसे बनले हे सविस्तर उलगडते. ते कसे संपले हे तुलनेने बाजूला राहते. ही तक्रार नाही, मांडणीविषयीचे माझे मत आहे. कारखान्याच्या कथेला साजेसा एक प्रश्न या विमानातच दडलेला आहे: बनवलेली वस्तू वापरात कशी झिजते आणि कुठे मोडते. ब्रिस्टल पेगासस हे नऊ सिलिंडरचे इंजिन, त्याला जोडलेला पंखा, आणि एक बाजू बंद पडल्यावर विमानाला होणारी ओढ, एवढे जरी एखाद्या चालत्या नमुन्यातून दाखवले तर सराव उड्डाणांतील शेकडो अपघात एकदम समजतील. जाणाऱ्यांनी म्हणून अपघाताची हकिकत आधी वाचून जावे. तेथे पोहोचल्यावर लक्ष इतक्या गोष्टींकडे वेधले जाते की तिला निवांत वेळ देणे जमत नाही.

सरोवरातून विमान वर कसे आले हा भाग लोकांना सर्वाधिक आवडतो आणि स्वयंसेवकही तो रंगवून सांगतात, ते साहजिक आहे. 1976 साली नेस सरोवरातल्या त्या सुप्रसिद्ध दंतकथेतल्या प्राण्याचा 'सोनार' या ध्वनिलहरींनी पाण्याखालचे टिपणाऱ्या यंत्राने शोध घेणाऱ्या अमेरिकी पथकाला तळाशी विमानाचा आकार दिसला. प्राणी काही मिळाला नाही. आधी ते कॅटालिना जातीचे पाण्यावर उतरणारे विमान असावे असे वाटले. 1978 साली एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठातील मंडळींनी ते वेलिंग्टन असल्याचे निश्चित केले. सुमारे 70 मीटर खोल, थंड, काळोख्या गोड्या पाण्यात ते साडेचार दशके पडून होते. वर काढण्याच्या पहिल्या प्रयत्नात उचलण्यासाठी केलेली चौकटच तग धरू शकली नाही. नवी चौकट आणून 21 सप्टेंबर 1985 रोजी विमान बाहेर आले. त्याच्या शेपटीचे दिवे नव्या बॅटरीला जोडल्यावर लागले, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कुणी राहत नाही. बाबांना त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. तांब्याची तार आणि काचेचा दिवा यांत खराब होण्यासारखे असते तरी काय, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आश्चर्य वाटले ते ड्युराल्युमिन टिकल्याचे, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हेच विमान पडले असते तर काय उरले असते याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. उत्तर इतिहासातच आहे: हजारो वेलिंग्टनांपैकी आज दोनच पूर्ण विमाने उरली आहेत. दुसरे ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाकडे आहे, ते युद्धाच्या अखेरच्या काळातले आहे आणि त्याने लढाई पाहिलेली नाही. म्हणजे लढाईत गेलेले आणि आजही पाहता येणारे वेलिंग्टन हे एकमेव, आणि ते उरले तेही अपघातामुळे. नेस सरोवरात बुडाले नसते तर इतर विमानांबरोबर तेही भंगारात गेले असते.

भारताशी या विमानाचा संबंध दूरचा आहे, पण आहे. वेलिंग्टन ज्या स्क्वाड्रनने सर्वप्रथम वापरायला घेतले, ती 99 क्रमांकाची स्क्वाड्रन 1942 साली भारतात आली आणि बंगालच्या बाजूच्या तळांवरून ब्रह्मदेशातील जपानी ठिकाणांवर तिची वेलिंग्टने उडत होती. कापडाने मढवलेली ही विमाने बंगालच्या पावसाळ्यात कशी सांभाळली असतील याची कल्पना करणे कोकणात राहिलेल्या माणसाला कठीण नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. लंडनहून जायचे असल्यास वॉटर्लू स्थानकावरून वेब्रिजची गाडी घ्यावी. स्थानकापासून संग्रहालय पायी जाण्यासारखे आहे, पण वयस्कर मंडळी बरोबर असतील तर टॅक्सी करावी, कारण आवारात पुढे बरेच चालायचे असते. मोटारीने येणाऱ्यांसाठी एम-25 महामार्ग जवळ आहे. तिकिटाचे दर बदलत असल्याने ते निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहावेत. कॉंकॉर्डच्या आत जाण्यासाठी वेगळे पैसे पडतात, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याच आवारात लंडनच्या जुन्या बसगाड्यांचे संग्रहालय आहे आणि ते मूळ तिकिटात येते. लहान मुलांना विमानांपेक्षा त्या लाल बसगाड्यांचेच अप्रूप अधिक असते, असा अनुभव आहे. आवारातील क्लबहाऊसमध्ये उपाहारगृह आहे. शाकाहारी मंडळींचे त्यावर भागेल, पण पोटभर जेवायची सवय असलेल्यांनी आपला डबा बरोबर न्यावा. हवा बरी असेल तर बाहेर बसून खाता येते.

ब्रूकलँड्स मुळात मोटारशर्यतींसाठी बांधलेला मार्ग. 1907 साली ह्यू लॉक किंग यांनी आपल्या जमिनीवर काँक्रीटचा पावणेतीन मैलांचा हा लंबगोलाकार मार्ग करून घेतला, आणि मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला असा तो जगातील पहिलाच. वळणावर मार्ग भिंतीसारखा उंच उठलेला आहे. त्याचा उरलेला भाग आजही चढून पाहता येतो. मोटारींची आवड असणाऱ्यांचा अर्धा दिवस तेथेच जातो. वेलिंग्टनसाठी जाणाऱ्यांनी माझ्या मते क्रम उलटा करावा: आल्या आल्या हँगर गाठावी, कारण दुपारनंतर शाळांच्या सहलींची आणि कुटुंबांची वर्दळ वाढते, आणि शर्यतीचा मार्ग, कॉंकॉर्ड, बसगाड्या या गोष्टी गर्दीतही बघता येतात. वरच्या मजल्यावरील दालनात दुरुस्त केलेले हरिकेन लढाऊ विमान आहे, तेही चुकवू नये. ते रशियाला पाठवलेल्या विमानांपैकी एक आहे आणि वेलिंग्टनच्या शेजारी पाहिले म्हणजे त्याच काळातल्या दोन बांधणीपद्धतींतला फरक डोळ्यांना दिसतो.

स्वयंसेवकांविषयी दोन शब्द. हँगरमध्ये उभे असणारे बहुतेक जण निवृत्त तंत्रज्ञ आहेत आणि त्यांपैकी काहींनी या विमानाच्या दुरुस्तीत स्वतः काम केले आहे. त्यांना प्रश्न विचारावा लागतो. आपणहून ते गळी पडत नाहीत. इंग्रजी फारसे न बोलणाऱ्या बाबांनी एका गृहस्थांना बोटाने एक सांधा दाखवला आणि हातानेच रिव्हेट मारण्याची खूण केली. त्या गृहस्थांनी ताबडतोब आतून एक सुटी पट्टी आणली आणि ती त्यांच्या हातात दिली. पुढचा अर्धा तास दोघांचे संभाषण "यस", "नो" आणि ओझरच्या कारखान्यातील हातवाऱ्यांवर चालले. मला दुभाषाचे काम करावे लागेल असे वाटले होते, ते पडले नाही. यंत्रशाळेत आयुष्य काढलेल्या कुणा वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल, तर त्यांच्यासाठी वेळ मोकळा ठेवा आणि घाई करू नका. कॉंकॉर्ड राहिली तरी चालेल.

कुणाला ही भेट अपुरी वाटेल? ज्यांना युद्धकथेतील थरार हवा आहे त्यांना. येथे ठेवलेल्या विमानाची शेवटची गोष्ट थरारक नाही. तिच्यात शत्रू नाही, विजय नाही, आणि मेलेल्या माणसाच्या नावापुढे कोणतेही गाजलेले शौर्यपदक नाही. ज्यांना विमान, इंजिन, कारखाना यांत रस नाही, त्यांनाही जाळीच्या पट्ट्यांपुढे फार वेळ घालवावासा वाटणार नाही, आणि त्यांच्यासाठी मोटारी आहेतच. इंजिनियरिंगला गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मात्र हे विमान आवर्जून दाखवावे. एखादा भाग मोडला तर रचनेने तो धक्का कसा पचवावा याचे उत्तर या जाळीत आहे, आणि रचनेने सर्व काही पचवले तरी एक बंद पडलेले इंजिन काय करू शकते याचेही.

दिवस उरला असेल तर परतीच्या वाटेवर आणखी एक थांबा सुचवते. वॉटर्लूला उतरून ज्युबिली मार्गाने ग्रीन पार्कला जावे. त्या बागेच्या पिकॅडिलीच्या अंगाला बॉम्बर कमांडचे स्मारक आहे. ते 2012 साली झाले. त्याच्या छताची तिरपी जाळी वेलिंग्टनच्या जिओडेटिक रचनेवरून घेतली आहे आणि छताला वापरलेले काही अॅल्युमिनियम बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स बाँबफेकी विमानाचे आहे. वेब्रिजला सकाळी खरी जाळी पाहिलेली असल्यामुळे हे छत डोक्यावरून निसटत नाही. पाहायला पैसे पडत नाहीत, आणि तेथून हाइड पार्क कॉर्नरचे भुयारी रेल्वेचे स्थानक चार पावलांवर आहे.